शूशूमावशी आणि थैलीतली दोघं

माझ्या मावशीला आमच्या गल्लीत तिच्या नावाने कुणीच हाक मारत नाही. ती शूशूमावशी. तळमजल्यावरच्या पुढच्या दोन खोल्यांत ती पाळणाघर चालवायची. नोकरीवर जाणाऱ्या आया सकाळी लंगोटातलं पोर तिच्या हातात ठेवायच्या आणि काही महिन्यांत तेच पोर कोरड्या चड्डीत घरी न्यायच्या. तिची पद्धत साधी होती. मूल झोपेतून उठलं की उचलायचं, पॉटीवर बसवायचं, ओठांचा चंबू करायचा आणि काम होईपर्यंत "शूऽऽऽ" म्हणत राहायचं. झालं की टाळ्या. त्या आवाजात काय जादू होती देव जाणे. तिच्या हाताखालून गेलेले एक गृहस्थ आता बँकेत मॅनेजर आहेत. ते सांगतात की मावशी नुसती समोरून आली तरी अजून त्यांना एकदा जाऊन यावंसं वाटतं.

पाळणाघर बंद झालं ते काकांच्या आजारपणामुळे. काका म्हणजे मावशीचा नवरा. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. पट्टा कमरेला लावून सरसर खांबावर चढायचे आणि वर बसून खालच्यांची थट्टा करायचे. अर्धांगाचा झटका आला, त्यातून ते उठले, बोलायला लागले, काठी घेऊन घरात चालायलाही लागले. डॉक्टर म्हणाले, नशीब काढलंत. पण एक गोष्ट डॉक्टरांनाही कुणी सांगितली नाही. काकांना लघवी धरवत नव्हती. कळायचं ते झाल्यावरच कळायचं.

हे मावशीला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं, कारण मी वरच्या मजल्यावर राहते आणि कपडे धुण्याचं मशीन माझ्याकडे आहे. मावशी चादर टॉवेलमध्ये गुंडाळून वर आणायची, मशीनमध्ये कोंबायची आणि भाजीच्या भावाबद्दल बोलत बसायची. मीही भाजीबद्दलच बोलायची. काकांशी तर हा विषय कधी निघालाच नाही. जिने अर्ध्या गल्लीला शू करायला शिकवलं, तिला नवऱ्यापुढे तो शब्द तोंडातून काढता येईना. "खांबावर चढणारा माणूस तो," ती मला एकदाच म्हणाली, "त्याला मी काय सांगू?"

काका आतल्या खोलीत पडून असायचे. जेवायलासुद्धा बाहेर येत नसत. तेवढ्यात घरात ती दोघं आली.

पाळणाघरातल्या एका जुन्या मुलीने पाळलेली शुगर ग्लायडरची जोडी. ती मुलगी परदेशी निघाली आणि मावशीखेरीज तिला दुसरं कुणी सुचेना. मुठीत मावतील एवढे करडे प्राणी, पाठीवर काळा पट्टा, डोळे वाटोळे आणि बाहेर आलेले. पुढच्या मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो, तो पसरून कपाटावरून थेट खिडकीच्या पडद्यावर तरंगत येतात. मावशी त्यांना उडत्या खारी म्हणते. खारी नव्हेत हे मी तिला कितीदा सांगितलं, पण सांगून उपयोग नाही. नर तो दादला आणि मादी ती बाई, अशी तिने नावं ठेवली.

ही जनावरं दिवसभर झोपतात आणि संध्याकाळी उठतात. झोपायला त्यांना अंगाची ऊब लागते. मावशीने पाळणाघरातल्या मऊ दुलईची थैली शिवली. नख्या अडकू नयेत म्हणून शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या आणि थैली काकांच्या गळ्यात अडकवली. "तुम्ही नाहीतरी बसूनच असता," म्हणाली. काका चिडतील असं मला वाटलं होतं. ते थैलीत डोकावले आणि कितीतरी वेळ डोकावूनच राहिले. त्या संध्याकाळी ते आपणहून हॉलमध्ये आले, कारण दोघांना उडायला आतली खोली पुरत नव्हती. मग रोज येऊ लागले. दादल्याला सफरचंदाची फोड भरवायचे, बाईला रागे भरायचे. मावशी स्वयंपाकघराच्या दारात पदराने तोंड झाकून रडलेली मी पाहिली. आनंदानेच, पण रडली.

मग एका रविवारी ताई आली. ताई म्हणजे मावशीची मुलगी, माझी मावसबहीण. दुसऱ्या गावी औषधांच्या कंपनीत तपासनीस आहे, तिच्या नाकातून काही सुटत नाही. सोफ्यावर टेकली, लगेच उठली आणि गादी उचलून हुंगली.

"आई, हा कसला वास?"

काका समोरच बसले होते. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मावशी पटकन म्हणून गेली, "ह्या खारींचा गं! सोडल्या की करतात कुठेही."

खापर फुटलं ते बिचाऱ्या त्या दोघांच्या डोक्यावर. त्या दिवसापुरतं सगळ्यांचं भागलं. पण ताई अशी सोडणारी नाही. "बाबांची तब्येत ही अशी, आणि घरात जनावरांची घाण? आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? पुढच्या खेपेला येईन तेव्हा मी ह्यांना घेऊन जाते. एखादा प्राण्यांचा दुकानदार घ्यायला तयार होईल. नाहीतर मग शिकव त्यांना. तू तर सगळ्या गावाला शिकवलंस!"

ताई गेल्यावर मावशी वर आली. तिच्या हातात चादर नव्हती. नुसतीच बसून राहिली. तिची अडचण मला न सांगता कळत होती. खरं सांगावं तर काका लेकीपुढे मेल्याहून मेले होतील. न सांगावं तर खारी जातील, काका पुन्हा आतल्या खोलीत जाऊन पडतील, आणि वास तर राहणारच. "शिकवते त्यांना," शेवटी म्हणाली. "आजवर एकही पोर माझ्यापुढे टिकलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने हॉलच्या मध्यभागी प्लास्टिकचं घमेलं ठेवलं, त्यात जुने कागद पसरले, थैलीतून दादल्याला काढून कागदावर धरलं, ओठांचा चंबू केला आणि सुरू केलं. "शूऽऽऽ."

दादला फुलला. पुढचे दोन्ही पंजे वर करून त्याने असा करकर आवाज काढला की गंजलेलं दार कुणीतरी उघडतंय असं वाटावं. ह्या प्राण्यांना तसला फिसकारा म्हणजे शत्रू आल्याची सूचना वाटत असणार. मावशीला वाटलं, आपला जोर कमी पडतोय. तिने आवाज वाढवला. "शूऽऽऽऽ! शूऽऽऽऽ!" बाई थैलीतूनच ओरडू लागली. दादला मावशीच्या बोटाला चावून पडद्यावर पळाला. मी हसून हसून खुर्चीवर कोसळले होते.

आणि मग माझं लक्ष काकांकडे गेलं. त्यांची पँट मांडीपासून गुडघ्यापर्यंत ओली झाली होती. जो आवाज खारींवर चालला नाही, तो काकांवर चालला होता.

मावशी घमेल्याशी ओठांचा चंबू तसाच ठेवून बसली होती. काकांनी थैली गळ्यातून काढली, सोफ्यावर ठेवली, काठी घेतली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. मी फरशी पुसली. माझ्या हसण्याचा मला इतका संताप आला की पुसलेलीच फरशी मी पुन्हा पुसली.

त्यानंतर काका बाहेर आले नाहीत. थैलीही घेईनात. मावशी ताट दारातून आत सरकवायची आणि अर्धं जेवलेलं ताट परत न्यायची. शेवटी मी तिला आणि थैलीला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण मुलगी होती, हसतमुख. मावशीने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून.

"नाही हो शिकत ही," डॉक्टर म्हणाली.

"नाही शिकत म्हणजे काय? ठार वेड्या पोरालाही मी शिकवलंय!"

"आजी, यांना धरताच येत नाही. त्यांचा काही दोष नाही, शरीरच तसं आहे. पण झोपेतून उठल्यावर थोड्या वेळात करतात, एवढं नक्की. तुम्ही तेव्हा लक्ष ठेवायचं. हालचाल झाली की उचलून बाथरूममध्ये न्यायचं, झालं की मग खेळायला सोडायचं. रागवायचं नाही, आवाज करायचा नाही. तरी अधूनमधून सांडणारच. तेवढं पुसायचं."

घरी पोचल्यावर मावशी चप्पलही न काढता आतल्या खोलीच्या दाराशी गेली.

"अहो," ती दाराला तोंड लावून म्हणाली, "डॉक्टरीण म्हणते, ह्यांना धरता येत नाही, ह्यांचा दोष नाही. जाग आली की लगेच न्यायचं. पण ही जागी कधी होतात ते मला कसं कळणार? मी स्वयंपाकघरात. तुमच्या छातीशी असतात, हलली की तुम्हालाच कळेल. घेताय का?"

मावशी तशीच उभी. मी जिन्यात उभी. खूप वेळाने काठी वाजली, दार थोडंसं उघडलं आणि काकांचा हात बाहेर आला. मावशीने थैली त्या हातात दिली.

संध्याकाळी काका थैली धरून लगबगीने बाथरूमकडे गेले. दार लावून घेतलं. बरंच पाणी वाजलं. बाहेर आले ते म्हणाले, "दोघांचं झालं." मावशी म्हणाली, "बरं." बस, एवढंच. मग ती म्हणाली की दुपारीसुद्धा थैली हलल्यासारखी वाटते, तेव्हाही नेऊन आणा. काका नेऊ लागले. जेवणाआधी नेत, चहानंतर नेत, टीव्हीवरच्या बातम्या सुरू व्हायच्या आधी नेत. दिवसा झोपणाऱ्या जनावरांना इतक्या वेळा कशाला न्यायला हवं, हे मी विचारलं नाही. मावशीने तर नाहीच नाही. खारी अधूनमधून कपाटावर करायच्याच, ती पुसायची. पण माझ्या मशीनकडे येणाऱ्या चादरी कमी झाल्या. रात्रीचं काही खरं नव्हतं, दिवसाचं मात्र जमलं होतं. मावशी हे सगळं ठरवून करत होती की तिला फक्त खारींचंच पडलं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. विचारलं तर ती भाजीवर जाईल.

मग ताई आली. येताना हातात जाळीचा पिंजरा घेऊनच आली. सोफा हुंगला, पडदे हुंगले, काही मिळालं नाही. मावशीचा जीव भांड्यात पडणार तोच ताई हात धुवायला मागच्या गॅलरीत गेली. काकांची गादी तिथे कठड्यावर वाळत घातली होती, मधोमध भला मोठा डाग.

"आई! हे काय?"

"खारींचंच गं," मावशी म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही तिला.

"एवढीशी जनावरं आणि एवढा डाग? म्हणजे रोज बाबांच्या गादीत करतात? आणि बाबा त्यात झोपतात?" ताईचे डोळे भरून आले होते. ती वाईट नाही, बापाची काळजीच होती तिला. तिने पिंजऱ्याचं दार उघडलं आणि काकांच्या गळ्यातल्या थैलीला हात घातला. "बाबा, द्या इकडे. आता एक मिनिट नाही ठेवायच्या."

काकांनी चांगल्या हाताने थैली छातीशी दाबून धरली. ताईने हळूच ओढली. ते सोडेनात.

मावशी मध्ये पडली. "अगं राहू दे, मी बघते, मी शिकवते त्यांना..."

"तू गप्प बस गं," काका मावशीला म्हणाले. मग ताईकडे बघून, एकेक शब्द सावकाश जुळवत म्हणाले, "गादी ह्यांनी नाही भिजवली. मी भिजवली. सोफाही मीच. मला धरवत नाही. आजारपणापासून."

ताईचा हात थैलीवर तसाच राहिला. मावशीने भिंतीकडे तोंड केलं.

"तुझ्या आईने ह्यांचं नाव घेतलं, मी घेऊ दिलं," काका म्हणाले. "एवढ्याशा जिवांवर ढकललं मी."

"बाबा, मला सांगायचं होतंत," ताई म्हणाली. "मला का नाही सांगितलंत?"

"तू माझी पोरगी आहेस," काका म्हणाले. "तुला कसं सांगणार?"

तेवढ्यात थैली हलली. काकांनी खाली पाहिलं आणि काठी शोधली. ताई त्यांच्या आणि बाथरूमच्या मध्ये उभी होती.

"सरक बाळा," ते म्हणाले. "आम्हाला तिघांना जायचंय."