रंगवलेली जाळी

ये गं, इकडे जवळ बस. तो फोन ठेव बाजूला. उकडतं म्हणून आतलं जॅकेट न घालताच तलवार खेळतेस म्हणे! कान पिळीन हां. काय, सर म्हणाले चालतं? माझेही सर असंच म्हणायचे. ऐक आता.

जळगावला राज्यस्पर्धा होती. मी धुळ्याची, आदल्या वर्षीची विजेती. फायनलला समोर आमच्याच क्लबच्या अध्यक्षांची मुलगी. मी उभी राहते न राहते तोच सर आले आणि माझ्या हातातला तोंडावर चढवायचा जाळीचा मास्क काढून घेतला. तपासणीत पास झालेला मास्क. तिच्या मास्कचा पट्टा तुटला होता ना, म्हणून. मला दिला जुना.

"सर, याची जाळी गंजलीय. वरून नुसता काळा रंग मारलाय तुम्ही."

सर हसले. चार लोकांना ऐकू जाईल असं बोलले, "तिचा चेहरा जपायला हवा. तुम्हा वस्तीतल्या लोकांची कातडी निबर असते."

लोक हसले. मी मास्क चढवला. का? तर याच माणसाने माझ्या हातात तलवार दिली होती. मी त्यांना भाऊ म्हणायचे. आमच्या बौद्धांच्या घरात बसून आईच्या हातची कळण्याची भाकरी मागून खायचे ते.

सामन्यात तिच्या तलवारीचं पातं मोडलं. तुटकं टोक जाळी फोडून आत. हे बघ, डोळ्याखाली. लाव बोट.

दवाखान्यात सर आले. वाटलं, माफी मागतील. म्हणाले, "बक्षीस समारंभात एवढंच सांग, 'मास्क मीच वर उचलला होता.' अध्यक्षांची अब्रू आहे. तुझ्या नोकरीचं मी बघतो."

ते गेल्यावर आई म्हणाली, "तुना डोया वाचना, माय. दुसरीना वाची का?" पुढच्या पोरीचा डोळा वाचेल का, हेच विचारलं तिने.

समारंभात माइक दिला. सरांचा हात माझ्या खांद्यावर. तो मी काढला.

"मास्क तोंडावरच होता. जाळी सडकी होती. सरांना ठाऊक होतं."

एक टाळी नाही. ज्या पोरींना मी पवित्रा शिकवला, त्यासुद्धा खाली बघत बसल्या. क्लबचं दार बंद. पुन्हा स्पर्धा नाही. जखम भरली, पण ते खाली बघणं अजून सलतं. खोटं कशाला बोलू?

आता इथे जळगावच्या पिंप्राळ्यात माझ्याकडे मुली येतात. प्रत्येक मास्कची जाळी मी अंगठ्याने दाबून बघते. दबली की भंगारात, मग पोर कुणाचीही असो. सामना सोडावा लागला तर सोडते. पालक चिडतात. चिडू देत. कुणाच्या अब्रूपायी एका पोरीचा चेहरा मी खर्ची घालू देणार नाही. मी जिवंत असेतो नाही.

ऊठ, बस चुकेल तुझी. पण लवकर ये. आणि एकटी येऊ नकोस, तुझ्याबरोबर खेळणाऱ्या बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या पोरी घेऊन ये.