बाभळीचे ठोकळे आणि मिस्त्रीचा पाटा

बैलगाडीला पाटे नसतात. एवढ्या एका ज्ञानाच्या जोरावर मी ऐन पस्तिशीत जीपगाडीची मिस्त्री झाले होते.

तेव्हाच्या त्या बाईला आज कुणी माझ्यापुढं आणून उभं केलं, तर मी तिला आधी पाणी देईन, मग बसवीन आणि मग विचारीन, बाई गं, तुला कुणी सांगितलं होतं का? सांगितलेलं नव्हतंच कुणी. ती आपली आपल्यालाच विचारायची आणि आपणच होकार द्यायची.

जीप मालकांची. आमच्याकडं नवऱ्याला मालकच म्हणतात. ते साखर कारखान्यावर ड्रायव्हर होते. कारखान्यानं जुनी जीप लिलावात काढली तेव्हा ती त्यांनी घेतली. चेअरमन साहेबांच्या वजनानं पुढची सीट एका बाजूला खचलेली, म्हणून त्या सीटवर बसलेलं माणूस कायम दाराकडं कललेलं असायचं. मालकांनी सगळी गाडी सोडवून अंगणात मांडली आणि परत जोडली. चार-सहा बोल्ट उरले. "कंपनीनं जास्तीचे दिले होते," असं म्हणून ते डब्यात टाकून दिले.

मिस्त्रीकडं गाडी दिली की ती आपली राहत नाही, त्याची होते, असं त्यांचं ठाम मत. आता यातली गंमत अशी, की चौसाळ्याचा गॅरेजवाला मिस्त्री त्यांचा जिवाभावाचा दोस्त. रोजचा चहा त्याच्याकडं. पण गाडीला त्याचा हात लागू द्यायचे नाहीत. दोस्त म्हणायचा, "अरे, निदान माझ्या दुकानापुढं उभी तरी करू नको. लोकांना वाटंल, मीच अशी केली."

मी मालकांना पाने द्यायला बसायची. ते गाडीखालून हात बाहेर काढायचे, "बारा-तेरा दे," म्हणायचे, मी द्यायची. पाने ओळखायला आले म्हणजे गाडी कळाली, असं मला वाटायचं. चुलीपुढं बसणाऱ्या मांजराला स्वयंपाक येतो, तसंच ते.

गाडी चालवायला त्यांनी मला गावच्या तळ्यात शिकवलं. तळ्यात म्हणजे तळ्याच्या तळाला. पाणी नव्हतंच. धडकायला तिथं काही नव्हतं, एक वाळलेली बाभूळ सोडली तर. मी तिलाच धडकले. मालक खाली उतरले, बाभळीला नमस्कार केला आणि म्हणाले, "आता दुसऱ्या कशाला धडकणार न्हाईस. हौस फिटली."

मग ताप आला आणि मालक गेले. यापेक्षा जास्त मला तेव्हाही सांगता यायचं नाही.

मी रडले नाही. बाया भोवती बसून वाट बघत होत्या, मीही त्यांच्यासारखीच वाट बघत होते, पण आलं नाही. मिरचीचा ठेचा खाल्ला तरी जिभेला लागायचा नाही. एकदा सायलेन्सरला हात टेकला, कातडं भाजलं, ते मला वासावरून कळालं. गाडीत अजून डिझेलचा आणि त्यांच्या तंबाखूचा वास होता. त्या एका जागी मी बसायची. बाकी घरात मी नुसती असायची.

त्या वर्षी दुष्काळ, निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. मागं राहिलेली म्हातारीकोतारी आणि म्हशी गावाबाहेरच्या चारा छावणीत. दूध सोसायटीनं ती छावणी घातलेली, कारखान्याकडून उसाच्या शेंड्यांचं वाढं यायचं, म्हशी ते चघळत उभ्या. दूध रोज सकाळी बीडला संघाच्या शीतकेंद्रावर पोचवायचं काम मालकांच्या जीपकडं होतं. ते गेल्यावर तेराव्यालाच धाकट्या दिरानं विषय काढला.

"वहिनी, गाडी इकून टाकू. बाईमाणसाचं काम हाय का ते?"

आत्याबाई, म्हणजे माझी सासू, चुलीपुढून म्हणाली, "तुझी बायकू अडली तवा हिनंच दवाखान्यात नेली. तवा कोण होती रे ही? बाप्या होती?"

"माय, ते येगळं."

"कावून येगळं?"

दिरानं खिळ्यावरच्या चावीकडं बघितलं. शेवटी तो म्हणाला, "बरं. चालवा. पण संघानं एक डाव जरी दूध परत लावलं ना वहिनी, तर चावी माझ्याकडं. चालंल?"

मी "हां" म्हणाले. त्यानं घर मागितलं असतं तरी मी "हां"च म्हणाले असते. पण चावी खिळ्यावरून काढली तेव्हा एवढं मात्र कळत होतं, की ही गेली तर मला सकाळी उठायला काही कारण राहणार नाही.

जाताना दूध आणि येताना पाणी, असं मी सुरू केलं. ही अक्कल माझी. रिकामी गाडी परत कशाला आणायची, म्हणून हायवेवरच्या एका विहिरीवरून छावणीसाठी दोन लोखंडी टिपाडं भरून आणायची. टिपाडं भरली की जीप मागून खाली बसायची, चिखलात बसलेल्या म्हशीसारखी. मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, अगदी उलटे व्हायला आले. चौसाळ्याला थांबून मी मिस्त्रीला दाखवलं.

तो वाकून बघत म्हणाला, "भाभी, दोन दिवस गाडी ठेवा. वरून एक मोकळा पाटा टाकतो. पाण्याचं ओझं आलं तरच तो टेकंल. एरवी तो आपला निवांत. जुन्या पाट्यांना त्याचा तरास न्हाई."

"दोन दिवस दूध कुठं ठेवू? तुमच्या घरी?"

"ठेवा की. खीर करू."

मी हसले नाही. तो ओशाळला. मजुरीचं नंतर बघू म्हणाला, मालकांचं नाव काढलं आणि तिथंच घोळ झाला. मला एकदम वाटलं, ह्यांच्या गाडीला ह्यांनी आयुष्यात कधी ज्याचा हात लागू दिला नाही, त्याचा हात मी महिन्याच्या आत लागू देऊ? मी गाडी सुरू केली. तो बाजूला उभा राहून म्हणाला, "काही करू नका हां भाभी. काही केलंत तर मला दाखवून करा." कुणी असं म्हटलं की करायचंच, हा माझा तेव्हाचा नेम.

आणि मग ते बैलगाडीचं ज्ञान. माझ्या माहेरी घरच्या दोन बैलगाड्या. कणसांची गाडी कशी भरायची, ती उलाळ होऊ नये, म्हणजे मागं कलंडू नये, म्हणून ओझं पुढं कसं घ्यायचं, हे मी सहावीत असल्यापासून जाणते. बैलगाडीच्या चाकांचा आख थेट साटीखाली, ओझं ठेवायच्या फळ्यांखाली. मध्ये पाटा नाही, काही नाही. आणि ओझं किती उचलते. म्हणजे हे पाटेच सगळ्या भानगडीचं मूळ, असा त्या शहाणीनं शोध लावला. पाटे दबतात म्हणून गाडी बसते. पाट्यांना दबूच दिलं नाही, तर?

तळ्यातली ती बाभूळ सरपणासाठी तोडलेली होती. तिच्या खोडाचे मी दोन ठोकळे केले. जॅक लावून गाडी मागून उचलली, चाकांचा आख आणि वरचा सांगाडा यांच्या मध्ये एकेका बाजूला एकेक ठोकळा ठोकून बसवला, वरून तारेनं आवळला आणि जॅक काढला. गाडी खाली बसली नाही. वर राहिली, ताठ. आत्याबाई खाटेवरून बघत होती. म्हणाली, "झालं?"

"झालं."

"आता ती हलतच न्हाई की गं."

"हलायची न्हाईच तिनं."

नात हल्ली फोनवर बघून बघून आपल्या गाडीचं काहीबाही स्वतः करते आणि मला विचारते, आजी, घरी करू का गॅरेजला देऊ? मी तिला सांगते, घरीच कर, पण कामात किती बळ लागलं ते बघ. फार सोपं गेलं असलं, तर काहीतरी चुकलंय. ते ठोकळे मला लई सोपे गेले होते.

पाणी मस्त आलं. टिपाडं काठोकाठ भरली तरी गाडी ताठ. जाताना मात्र खडीच्या रस्त्यावर गाडी अशी उडायची, की आरशात मला फक्त आभाळ दिसायचं. मागं कॅन वाजायचे. आणि मला काही वाटायचं नाही. खोटं सांगत नाही. माझं डोकं वरच्या कापडी टपाला लागत होतं, हे मला टपाला तेलाचा डाग पडला तेव्हा कळालं.

आता कॅनचं. चांगल्या साली कॅन गळ्यापर्यंत भरायचे. दुष्काळात म्हशी आटल्या, पण प्रत्येक गल्लीचा कॅन वेगळा. आमचं दूध तुमच्यात ओतायचं नाही, तुमच्या म्हशीला फॅट नाही, असं सगळ्या गल्ल्यांचं एकमेकींबद्दल मत. म्हणून निम्मे-निम्मे भरलेले कॅन जायचे. निम्मा कॅन, ताठ गाडी, खडीचा रस्ता आणि सकाळचा गारवा. ज्या बाईनं जन्मभर रवीनं ताक घुसळलं, तिला यातून काय होणार ते कळायला पाहिजे होतं. कळालं नाही.

महिनाभर कसंबसं निभावलं. थंडी वाढली त्या सकाळी शीतकेंद्रावरच्या माणसानं नमुना घेतला, परत घेतला आणि मान हलवली. फॅट लागंना. सगळेच्या सगळे कॅन त्यानं परत लावले. मी ते गाडीत चढवले. त्या दिवशी पाणी भरायचंही मी विसरले नाही, भरूनच आले.

छावणीवर दीर उभाच होता. बाया गोळा झाल्या. एक जण म्हणाली, "मलई कोण खातंय मग आमची?" दुसरी म्हणाली, "बीडात हाटेलवाले घेत्यात म्हणं." सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी बघत होते त्यांच्याकडं. मग कॅन उतरवायला लागले.

आत्याबाई पुढं आली. तिनं आमच्या गल्लीच्या कॅनचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि लिंबाएवढा लोण्याचा गोळा वर काढला. पिवळट, थेंब गळणारा. सगळ्यांना दिसेल असा धरला.

"चोरी न्हाई झाली," ती म्हणाली. "घुसळण झाली. कॅनमदी हात घाला, समद्यांचं लोणी आतच हाय."

बायांनी हात घातले. आणि त्या दुष्काळात, जिथं भाकरीला तेल मिळत नव्हतं, तिथं त्या दिवशी सगळ्या छावणीनं लोण्याशी भाकरी खाल्ली. वर माझीच मस्करी. "उंद्या ताक घेऊन जा गं संघाला. परवा तूप." कुणी रागावलं नाही. मीही भाकरी खाल्ली. लोण्याची चव आली नाही.

दिरानं हात पुढं केला. मी चावी दिली.

दूध मग बैलगाडीत हायवेपर्यंत जायला लागलं, तिथून संघाचा टेम्पो उचलायचा. निम्मेच कॅन, तोच खडीचा रस्ता, आणि लोणी नाही. बैलगाडीला पाटे नसतात, पण बैलगाडी पळतही नाही. हे निम्मं ज्ञान माझ्या माहेरच्यांनी मला द्यायचं बाकी ठेवलं होतं.

गाडी विकायची म्हणून दिरानं नेली खरी, पण दुष्काळात जीप घेतो कोण? मग तो आठवडी बाजाराची माणसं भरायला लागला. ठोकळ्यांचं त्याला ठाऊक नव्हतं. आधी मी सांगायचं विसरले. नंतर आठवलं, तेव्हा आत्याबाईकडं बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "मिठाचा डबा दे." मी दिला. तो विषय तिथं संपला.

दिराची बायको शेजारूनच सांगायला यायची. हे पालथे झोपतेत. ह्यांना वाकता येत न्हाई. रातच्याला विटेनं शेकते ह्यांना. बाजाराला बसलेली एक म्हातारी म्हणं अर्ध्यातूनच उतरली, म्हणाली, चालत जाते, मला लेकरं हायेत. मी "अगंबाई" म्हणायची. आत्याबाई "च्च" म्हणायची.

मग एके दिवशी दुपारी दीर आला. एक हात कमरेवर, पाय फाकवून, सावकाश. चावी होती त्या खिळ्यावर परत अडकवली आणि उभाच राहिला, कारण बसता येत नव्हतं.

"माय," तो म्हणाला, "दादाचा जीव अडकलाय त्या गाडीत. मला बसूच देत न्हाई. लाथा घालतोय बुडातून. चालवू दे वहिनीलाच."

"बरं," आत्याबाई म्हणाली आणि चुलीकडं तोंड फिरवलं. तिची पाठ हलत होती. हसत होती की रडत होती, मला समजलं नाही; जो गेला तो तिचाही होता. मी पदर तोंडात धरला. घशातून काहीतरी वर आलं. हसूच होतं, पण इतक्या दिवसांनी, की मला आधी वाटलं उलटी होतीय. दीर म्हणाला, "रडू नका वहिनी. तुमच्यापाशी त्यो गप बसंल."

दुसऱ्या दिवशी मी गाडी चौसाळ्याला काढली. ठोकळे तसेच. आणि पहिल्याच खड्ड्याला माझ्या मणक्यातून अशी कळ गेली, की मी गाडी थांबवली. उतरून बघितलं, काही झालं नव्हतं. परत बसले. दुसरा खड्डा. तिसरा. मान, खांदे, माकडहाड, सगळं ओळीनं बोलायला लागलं. ह्या रस्त्यावर मी महिनाभर रोज गेले होते. मग पहिल्या गियरवर, बैलगाडीच्या चालीनं, सीटवरून अर्धी उठून, एकेक खड्डा चुकवत गेले.

मिस्त्री गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो दोन्ही ठोकळे घेऊन.

"हे कुणी बसवलं?"

"तुमच्या दोस्ताच्या बायकोनं."

त्यानं ठोकळे उलटेपालटे करून बघितले. "काम पक्कं हाय," म्हणाला. "तार लई झ्याक आवळलीय. भाभी, ह्याच्यावर तुमी महिना चालवली? कंबर दुखली न्हाई?"

"न्हाई. आज दुखाया लागली."

त्यानं ठोकळे खाली ठेवले. मग खुर्ची पुढं सरकवून म्हणाला, "बसा." मला बसता येत नव्हतं. मी उभ्यानंच चहा प्यायले. गाडी दोन दिवस त्याच्याकडं ठेवली, आणि येष्टीनं घरी आले, मांडीवर दोन ठोकळे घेऊन.

बाभूळ चांगली जळते. आत्याबाईनं ते चुलीत घातले, दिराच्या घरून वीट मागून आणली, त्यावर तापवली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या कमरेवर टेकवली. मी "आई गं" म्हणाले. तिनं वीट उचलली नाही. दाबूनच धरली.

"वरड," ती म्हणाली. "आता वरड."