ओल्या दशम्या

आत्ताच्या आत्ता सांगते, न्हाईतर परत ऱ्हाऊनच जाईल. भाचीचं ओलं दुपटं उचललं, आंबूस वास आला आन् लहानपणीची आटपाडी-पाटण एसटी आठवली. आईच्या मांडीवर तान्ही बहीण, शेजारी दोन वर्षांचा भाऊ भुकेनं रडतोय. आईनं पिशवी उघडली, तर घाईत ओले लंगोट दुधातल्या दशम्यांवरच कोंबलेले. वरची दशमी एका कडंला पार लिबलिबीत.

"आये, टाक की ती. शी."

"गप गं. खालच्या कोरड्या हायत."

कोरड्या दोनच निघाल्या, त्या तिनं आमाला दिल्या. ओलीची भिजकी कड मोडून उरलेली स्वतः खाल्ली. मला तिचीच किळस आली. माझी दशमी मी गुपचूप खिडकीतनं फेकली.

फेकायच्या ऐवजी ती आईला द्यायची हुती, हे आज सुचतंय. तुमी कुणी असं केलंय का?