साहेब उठला, ढोल थांबला

“उतर खाली, मांगा! वाजवायचं सोडून बघतोस काय?”

हेडक्लार्क असा वरडला, भर मंडपात. गिरणीचा जलसा हुता. म्होरं गोरा मॅनेजर, त्याची मड्डम, शुक्रवार पेठेतले वकील, डाक्तर. मंचावर गिरणीचा बँड. फिडलवाले, कॉर्नेटवाले, आन मोठ्या ढोलावर मी. इलायती चीज ऐन रंगात आलेली. मधीच मॅनेजर उठला. मी ढोल थांबवला. बाकीचं जरा फुडं गेलं, मग त्यांचंबी इस्कटलं. साहेबानं निस्ता कोट सारका केला आन परत बसला.

समदे हासले. मड्डमबी हासली.

मी का थांबलो? आमच्यात तसंच की. पाटील उठला की हलगी बंद. पाटील चालला की त्याच्या पावलावर हलगी. त्यानं हात वर केला की वाडवायचं, खाली केला की कमी. बापानं मला आदी ताल न्हाय शिकवला, पाटलाचं त्वांड बघायला शिकवलं. मला वाटलं, साहेब म्हंजे मोठा पाटीलच.

हेडक्लार्कनं गडी पाठवून माज्या घरची हलगी आणवली. गेटाभाईर टांगे हुते तितं मला उभा केला. “तुझी जागा ही. पाहुणे निघाले की वाजव.”

वाजवली. दात खाऊन वाजवली. टांग्याची घोडी बिचकत हुती आन पाहुणे माज्याकडं न बघता निघून जात हुते.

दुसऱ्या दिवशी बँडमास्तराला गाठलं. गोव्याचा किरिस्ताव, लई तापट, पर आडपडदा न्हाय. म्हनलं, “मास्तर, समद्यांम्होरं सुरांचा कागद आसतो. मलाच का न्हाय?”

त्यो म्हनला, “हेडक्लार्क देत नाही. म्हणतो, मांगाला कागद कशाला? ताल त्याच्या रक्तातच आहे.”

रक्तात! टाळकंच सणकलं माजं. हातावरचे घट्टे काय रक्तातनं आले? टिपरी चुकली की बाप पाठीत घालायचा, तवा ताल आला. पर रक्तात म्हनलं की शिकवायला नको, मानायलाबी नको.

मास्तरानं आपला कागद माज्या म्होरं पसरला. एकेका शब्दावर बोट ठेवलं. “आलेग्रो, म्हणजे चपळ. आदाज्यो, संथ. रितार्दांदो, हळूहळू मंद. आक्सेलेरांदो, हळूहळू वेग वाढव.”

“ही साहेबाची भाषा व्हय?”

“छे! इटलीची. साहेबालापण शिकावीच लागते.”

“आन साहेब मधीच उठला तर?”

“उठू दे की. लाटसाहेब उठला तरी जे लिहिलंय तेच वाजणार.”

म्हंजे ताल कुणाचं त्वांड बघत न्हाय? मग माज्या बापजाद्यांनी जलमभर माना वर करकरून बघितलं, ते कुणापायी? घरी बापाला सांगितलं. त्यो म्हनला, “पोटावर पाय येईल रं. गप वाजीव.” बापाचाबी राग आला. लई राग आला.

जेवणाच्या सुट्टीत भाकर एका हातात, मास्तरानं उतरवून दिलेला ढोलाचा कागद दुसऱ्या हातात. मास्तर सांगायचा, मी घोकायचो.

काल परत जलसा हुता. ढोलाम्होरं मी माजा कागद लावला. हेडक्लार्क धावत आला. “काढ तो कागद!”

मी म्हनलं, “मी न्हाय काढणार. तुमी काढा, तुमच्या हातानं.”

त्याचा हात अर्ध्यात थांबला. मी शिवलेला कागद त्यो कसा काढंल? चरफडत मागं गेला.

चीज सुरू झाली. मधीच मॅनेजर उठला. मला परत फसवायला हेडक्लार्कनं लांबनं हात वर केला, थांब म्हणून. माजी नजर तिकडं गेलीच. जुनी खोड, एवढ्यात कुटं जातीय? मी नजर वडून कागदावर आणली. आक्सेलेरांदो. वाडवला ढोल. समदा बँड माज्यासंगं दौडला. हेडक्लार्कचा हात तसाच वर, कुणी बघंना.

आज सांगावा आलाय, उद्या हापिसात ये. जाणार हाय. बँडातनं काढू देत, गिरणीतनं काढू देत. गेटाभाईर हलगी घिऊन मी परत उभा राहणार न्हाय. आन कुणी उठलं म्हणून माजा हात थांबणार न्हाय.