पुलाच्या पुढे साडेतीन किलोमीटर

देवीलाल राठोडला कुणी रस्ता विचारला, की तो आधी विचारणाऱ्याची गाडी पाहायचा, मग टायर पाहायचा आणि मगच तोंड उघडायचा. "कळंबले जाचं हाय? मंग चिंतामणीच्या देवळापासी गर्दी राहीन, दुसऱ्या गिअरवरच राहा. पुढं वळणावर एक बोर हाय, तिची फांदी काचीले लागते." विचारणाऱ्याला डावं की उजवं एवढंच हवं असायचं. ते त्याला शेवटी मिळायचं, अर्ध्या तासानं आणि एका चहाच्या खर्चात.

एकतीस वर्षं त्यानं एसटी चालवली. यवतमाळ-नेर ही रोजची, चतुर्थीला कळंबची जादा गाडी. इतक्या वर्षांत त्यानं हजारो माणसं त्यांच्या त्यांच्या गावात नेऊन सोडली. स्वतःच्या तांड्यात मात्र त्याची गाडी एकदाही गेली नाही. पिंपळधरा तांडा सावरगोटा फाट्यापासून साडेतीन किलोमीटर आत. तांड्याच्या तोंडाशी नाला. नाल्यावर पूल नाही म्हणून एसटी नाही, आणि एसटी जात नाही म्हणून पुलाची गरज नाही, असं उत्तर कचेरीतून एकदा आलंही होतं. ड्युटी संपली की देवीलाल फाट्यावर उतरून पायी घरी जायचा. पावसाळ्यात नाल्यापाशी खाकी पँट काढून डोक्याला गुंडाळायचा.

त्याची बायको मानीबाई दारातून विचारायची, "डायवरसाहेब, गाडी कुठी ठेवली जी?"

हा विनोद तिनं एकतीस वर्षं केला. तो जुना झाला, पण बोथट झाला नाही. निवृत्तीच्या दिवशी डेपोत हार घालून घेऊन देवीलाल नाल्यातून घरी आला, तेव्हाही तिनं तेच विचारलं. त्या दिवसापासून त्याच्या मनात एकच गोष्ट उरली होती. भरलेली एक गाडी, मग ती कोणतीही असो, स्वतःच्या हातानं तांड्यात न्यायची.

मग बोंडअळीचं वर्ष आलं. दोन हजार सतरा सरता सरता कपाशीची बोंडं झाडावरच किडली आणि जिल्ह्यात पाहणीवाल्यांचं पीक आलं. आठवड्याला एक पथक यायचं. पथक डांबरी सोडायचं नाही, कारण दुपारच्या जेवणाला परत पोचायचं असायचं. त्यामुळे सावरगोट्यातल्या रस्त्याकाठच्या एकाच वावराची पाहणी पाच वेळा झाली. तिथली कपाशीची परहाटी आता गाडीचा आवाज आला की आपणहून मान खाली घालते, असं लोक म्हणायचे.

पथकाला बोंड फोडून अळी दाखवायचा मान नानाजींचा. नानाजी सावरगोट्याचे माजी सरपंच. बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान त्यांचंच. ज्या बियाण्याला अळी लागणार नाही असं ते जूनमध्ये छातीवर हात ठेवून सांगायचे, त्याच बियाण्याची अळी ते डिसेंबरात तळहातावर घेऊन दाखवायचे. दोन्ही वेळा त्यांचा आवाज सारखाच दाटून यायचा.

जानेवारीत आणखी एक पथक येणार असल्याची बातमी लागली. हे म्हणे दिल्लीचं, आणि ते रस्तेही पाहणार होतं. देवीलालनं त्यांना तांड्यात बोलवायचं ठरवलं. पण बोलवायचं कसं? सून रंजितानं फोनवर नकाशा उघडला आणि तांडा शोधला. तांडा नव्हताच.

"इथं नुसता हिरवा रंग हाय, बाबा."

"म्हंजे आपुन जंगल?"

"जंगल तरी लिहिलं असतं. काहीच नाई लिहिलं."

रंजिता नेरला बारावीपर्यंत शिकलेली. तिनं सांगितलं की या नकाशावर आपला रस्ता आपणच आखता येतो. यवतमाळपासून रेघ ओढायची, जिथं काही सांगायचं असेल तिथं लाल खूण लावायची आणि खुणेच्या पोटात मजकूर लिहायचा. मग तो रस्ता कुणालाही पाठवता येतो, आणि ज्याला पाठवला त्याचा फोन त्याच रेघेवरून त्याला नेतो.

देवीलालला हे इतकं पटलं की चार दिवस तो खाटेवर बसून डोळे मिटून गाडी चालवत राहिला आणि रंजिता लिहीत राहिली. पाचवी खूण: 'मोठा खड्डा. दिसायला लहान आहे, फसू नये.' सहावी खूण: 'येथे रानडुकरं आडवी येतात.' सातवी खूण नाल्यावर: 'येथे पूल नाही. पाणी असताना शाळा बंद, दवाखाना बंद. कृपया पूल द्यावा.' आठवी तांड्याच्या चौकात: 'येथे गाडी वळवता येते. याच्या आधी कुठेही वळत नाही.'

"बाबा, पाह्यणाऱ्यानं नुसतं पाह्याचं, का त्याले बदलता बी येऊ द्याचं?" रंजितानं विचारलं.

इथं देवीलालची एसटीतली वळणं आडवी आली. डेपोच्या कँटीनमध्ये एखाद्या ड्रायव्हरनं सांगितलं की अमुक पुलाचा कठडा गेला, तर तो गेलेलाच असायचा. रस्त्याबद्दल खोटं बोलणारा ड्रायव्हर त्यानं पाहिला नव्हता, आणि सगळं जग ड्रायव्हरच आहे असं त्याला मनातून वाटायचं.

"बदलू दे नं. एखाद्याले जास्तीचा खड्डा माईत असंन त टाकीन बिचारा."

रस्ता फोनवरच्या सगळ्या गटांवर फिरला. बिचाऱ्यांनी लगेच हात चालवले. पहिल्या दिवशी एका हॉटेलवाल्यानं आपल्या दारात खूण रोवली: 'साहेबांसाठी स्पेशल चहा.' दुसऱ्या दिवशी कुणी आपल्या साळ्याचं मंगल कार्यालय टाकलं. एका तरुण नेत्यानं तीन चौकांत स्वतःलाच टाकलं. जो तो रेघ बोटानं धरून आपल्या गावाकडे ओढू लागला. एकेचाळीस किलोमीटरचा रस्ता चौऱ्याण्णव किलोमीटरचा झाला आणि दोन ठिकाणी स्वतःलाच कापून गेला. नकाशाला गोवर निघाल्यासारखं दिसत होतं.

नानाजी मात्र हुशार. त्यांनी नवीन काही टाकलं नाही. जितक्या खुणा तितका वेळ पथक थांबणार, असा त्यांचा हिशेब. त्यांनी पाच, सहा आणि सात नंबरच्या तयार खुणा उचलल्या आणि आपल्याकडे ओढल्या. एक दुकानावर, एक बंगल्याच्या ओसरीवर, एक फाटकासमोर. खुणांच्या पोटात काय लिहिलंय ते त्यांनी उघडून पाहिलं नाही. मग इतरांची भर पुसून, त्या नकाशाची वेगळी प्रत काढून, तांडा वगळून, त्यांनी ती स्वतःच्या नावानं कचेरीत पाठवली. रंजितानं घाईघाईत इकडचा नकाशा पुसून नीट केला आणि कुलूप लावलं, तोवर गाडी सुटली होती.

पथक आलं आणि गेलं. तांड्याच्या लोकांनी नाल्याकाठी धुतलेल्या सतरंज्या अंथरल्या होत्या. त्यांवर दिवसभर शेळ्या बसल्या.

काय झालं ते अश्वजितनं सांगितलं. हा लोहारा गावचा, पूर्वी देवीलालच्याच गाडीवर कंडक्टर. आता स्वतःची गाडी भाड्यानं चालवायचा आणि पथक त्याच्याच गाडीत होतं. फाट्यावर चहा पिता पिता तो हसून हसून लाल झाला.

"देवीलालभाऊ, दुकानात गेलो त साहेबानं फोन वाचला, 'दिसायला लहान आहे, फसू नये.' नानाजीकडं पाह्यलं, परत फोनकडं पाह्यलं. मंग ओसरीवर चहा आला. तिथं निंगालं, 'येथे रानडुकरं आडवी येतात.' साहेब खुर्चीतून उठूनच उभा राह्यला!"

"आन् नाला?"

"तेच सांगून राह्यलो नं. फाटकापासी आलो. साहेब वाचते, 'येथे पूल नाही.' इकडं पाह्यते, तिकडं पाह्यते. सिमिटचा रोड, कोरडा ठन्न. म्हणे, पानी कुठी हाय? नानाजीनं एक मिनिट इचार केला आन् बंगल्याच्या मोरीची नाली दाखोली. म्हणे, साहेब, पावसाळ्यात हेच लय पिसाळते."

देवीलाल हसला नाही. चहाचा कप त्यानं तसाच ठेवला.

मार्च संपायच्या आत पुलाला मंजुरी आली. कागदावर जागा नकाशातली, खूण क्रमांक सात. जूनमध्ये पूल उभा राहिला, दोन्ही बाजूंना कठडे, पिवळे-काळे पट्टे, आणि खालून नानाजींच्या मोरीचं वीतभर पाणी. तांड्यातल्या बायका बाजाराला जाताना मुद्दाम थांबून पूल पाहायच्या आणि एकमेकींना विचारायच्या की आंघोळ कोणाची चालू आहे.

"तुमच्याच अर्जाचा पूल हाय," मानीबाई म्हणाली. "जाऊन बसत जा त्याच्यावर. हवा चांगली लागते म्हणते."

देवीलाल पुलाकडे फिरकलाही नाही. पण जुलैत उद्घाटन ठरलं आणि नानाजींनी त्यालाच बोलावून घेतलं.

"डायवर, मुंबईचे पाहुणे येऊन राह्यले. पाच गाड्या हायेत. पुलावरच मांडव घातला, म्हून समोरून गाड्या येऊ शकत नाई. मांगच्या रस्त्यानं आनाले तुह्यासारखी एक लाईन बनव. तुले जमते ते."

"जमते जी."

"राग त नाई नं मनात?"

"कायले जी? पूल त झाला. कुठी का होईना."

दोन दिवसांनी त्यानं फोन नेऊन दाखवला. नानाजींनी चष्मा लावला. "माहा बंगला हाय का लाइनीवर?"

"हाय नं. हा काय, पार भिंतीले लागून गेली."

लाइन बंगल्याला लागून गेली होती हे खरंच होतं. ती पुढेही गेली होती. पण बंगल्याच्या पुढचं काही पाहायची नानाजींना सवय नव्हती. पत्रिकेसोबत लिंक सगळ्यांना गेली. या वेळी रंजितानं विचारायच्या आधीच देवीलालनं सांगितलं होतं, "नुसतं पाह्याचं. हात लावू द्याचा नाई."

उद्घाटनाच्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागली होती. देवीलालनं पेटीतून खाकी शर्ट काढला, मानीबाईकडून तुटलेलं बटण लावून घेतलं आणि नाल्याच्या अलीकडे एका दगडावर जाऊन बसला. तिकडे मांडवात बँड जोरात वाजत होता, त्यामुळे मागच्या रस्त्यानं पाच गाड्या निघून गेल्या ते कुणाला ऐकू आलं नाही. हार हातात घेऊन नानाजी फाटकाकडे पाहत उभे होते.

सगळ्यात पुढे अश्वजितची गाडी, तिच्यात प्रमुख पाहुणे. बंगला मागे पडला, सिमेंट संपलं, तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, "अहो, बरोबर चाललोय ना?"

"मले काई माईत नाई साहेब. मी फोनचं आयकतो," अश्वजित म्हणाला.

साडेतीन किलोमीटर गेल्यावर फोननं सांगितलं की आपण पोचलो. समोर गुडघाभर गढूळ पाणी. पाहुणे काच खाली करून पाहत राहिले.

"पूल कुठं आहे?"

पलीकडच्या काठावर मानीबाई लुगडं खोचून उभी होती. तिथूनच ओरडली, "आमी बी तेच इचारून राह्यलो साहेब! कोनी सांगत नाई!"

पाहुण्यांच्या सचिवानं गाड्या मागे घ्यायला सांगितलं. पण मागे घेणार कुठे? दोन्हीकडे भिजलेली काळी माती, चाक खाली गेलं की दसऱ्यापर्यंत निघायचं नाही. पाचवी गाडी वळवायला गेली आणि अर्धी परहाटीत बसली. देवीलाल दगडावरून उठला, सावकाश काचेपाशी आला आणि म्हणाला, "साहेब, गाडी फक्त तांड्याच्या चौकात वळते. नाल्याच्या तिकडं. तसं लिहिलं हाय नकाशात, आठ नंबर."

अश्वजितनं दार उघडलं आणि स्वतः सरकून बसला. "भाऊ, तुमीच चालवा. पान्याखालचे दगड मले नाई माईत."

देवीलाल बसला. आरसा नीट केला. सवयीनं मागे वळून पाहिलं, सगळे बसले का म्हणून. पहिला गिअर टाकला आणि गाडी पाण्यात घातली. डावीकडचा चपटा दगड, मग मधला खळगा सोडून उजवीकडे, मग एकदम चढ. पाणी दारापर्यंत आलं. सचिवाच्या बुटात गेलं. पाहुण्यांनी पुढचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं आणि त्यांचे डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडे होते. एकेक करून त्यानं चार गाड्या अशाच आणल्या. पाचवी तांड्यातल्या माणसांनी ढकलून काढली.

पहिली गाडी चौकात थांबली तेव्हा मानीबाई बॉनेटपाशी आली. तिनं गाडीकडे पाहिलं, खाकी शर्टाकडे पाहिलं.

"आली का गाडी?" ती म्हणाली. "एकतीस वर्सं लेट हाय. कंडक्टर कुठी गेला, तक्रार लिवाची हाय."

देवीलाल स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. वळवायची होती, पण त्यानं मिनिटभर वळवली नाही.

पाहुणे उतरले. नाल्याकडे पाहून त्यांनी मान हलवली, आणि मोठ्या माणसाला शोभेल अशा गंभीरपणे म्हणाले, "गंभीर प्रश्न आहे. तुम्ही मला हे लेखी द्या."

"देल्लं होतं जी," देवीलाल खिडकीतून म्हणाला. "त्याचाच पूल बांधला तुमी तिकडं. आता उद्घाटनाले उशीर होईन, बसा. पानी वाढून राह्यलं."

पाहुणे लगबगीनं बसले. देवीलालनं चौकात एका दमात गाडी वळवली, मागेपुढे न करता, आणि पुन्हा पहिल्या गिअरमध्ये नाल्याकडे निघाला.