रामचंद्रच्या फायली कोणी उघडायच्या

"रामचंद्रचं ड्राइव्ह उघडून दे."

मॅनेजर अल्पेश नूतनच्या टेबलाशी येऊन उभा होता. दुपारचे बारा वाजायला आले होते.

"कोणती फाइल, सर?"

"फाइल नाही, सगळं. उद्या सकाळी जहाज लागतंय आणि गाड्यांची यादी त्याच्याकडे अडकलीय. फोन बंद करून बसलाय शहाणा."

दिघीजवळच्या त्या मालवाहतूक कंपनीत गाड्यांच्या फेऱ्या लावायचं काम रामचंद्र करतो. वडिलांच्या मोतीबिंदूसाठी तो दोन दिवस मुंबईला गेला होता. ऑफिसातल्या चाळीस माणसांच्या ऑनलाइन फायली कोणाला दिसाव्यात आणि कोणाला नाही, हे नूतन शिगवणच्या हातात असतं. म्हसळ्याजवळच्या भातशेतीवाल्या घरातली ही बत्तीस वर्षांची बाई. डेटा एंट्रीला लागली, माणगावला कोर्स केला आणि आपल्या आपण शिकत अ‍ॅडमिन झाली. गेल्या वर्षी एका कारकुनाचा वैद्यकीय तपासणीचा रिपोर्ट त्याच्या ड्राइव्हमधून फुटला आणि आठवडाभर कँटीनमध्ये त्यावर विनोद झाले. त्यानंतर नूतनने हेड ऑफिसकडून एक नियम मंजूर करून घेतला. दुसऱ्याची फाइल उघडायची तर फॉर्म भरायचा: कोणती फाइल, कशासाठी, किती वेळ. नवी मुंबईच्या हेड ऑफिसातल्या मृणाली मॅडमची संमती घ्यायची. ज्याची फाइल, त्याला आपोआप मेल जातो.

अल्पेशने यादीसाठी फॉर्म भरला. मृणाली मॅडमचा होकार दहा मिनिटांत आला. नूतनने यादी शोधली आणि यादीबरोबर फोल्डरांची नावंही पडद्यावर आली. त्यातलं एक होतं, 'गुरचरण हरकत – सह्या'.

तिने यादीची प्रत अल्पेशला पाठवली आणि ती खिडकी मिटली.

कंपनीला गाड्यांच्या तळासाठी रामचंद्रच्या गावाची गुरचरण जमीन हवी होती. गावकीने हरकत घेतली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तहसीलला मात्र गावकीच्या नावाने एकच अर्ज गेला होता. कोणी कोणी सह्या केल्या तो कागद गावाने स्वतःकडे ठेवला, कारण सह्या करणारे अकरा जण याच कंपनीत ड्रायव्हर नाहीतर हमाल होते. रामचंद्र गावकीचा चिटणीस. कागदाला ओल लागेल म्हणून त्याने एक प्रत काढून ठेवली, ती कंपनीच्याच स्कॅनरवर. इथे सगळेच तसं करतात. झेरॉक्ससाठी म्हसळ्याला कोण जाणार? जेवणाच्या सुट्टीत रेशनकार्ड, सातबारा, लग्नपत्रिका सगळं त्याच यंत्रातून निघतं, आणि यंत्राला ज्याचं ऑफिसचं ओळखपत्र लावलं त्याच्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये जाऊन बसतं. हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

"यादी मिळाली ना, सर?"

"मिळाली. आता बाकीचं दे." अल्पेशने खुर्ची ओढली.

"बाकीचं कशाला?"

"हे बघ, तुला सांगायला काय. गावात सह्या फिरल्यात. आपलाच पगार खाऊन आपल्यावरच उलटलेत कोण कोण, ते बघायचंय मला. या रामचंद्राकडे असणारच."

"मग फॉर्मवर तसंच लिहा."

अल्पेश हसला. "चेष्टा करतेस काय?"

"नाही सर. कारणाचा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढेच जात नाही."

त्याने कीबोर्ड पुढे ओढला. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. शेवटी 'कामासाठी' एवढंच लिहून पाठवलं. पाच मिनिटांत मृणाली मॅडमचा फोन आला. नूतनने तो स्पीकरवर टाकला.

"अल्पेश, कामासाठी म्हणजे? फाइलचं नाव काय?"

"मॅडम, जनरल बघायचंय."

"जनरल असं काही नसतं. नाव लिहा, मग बघू."

मॅडमनी फोन ठेवला. अल्पेशचा आवाज उतरला. "तिला काय विचारायचं? अधिकार तुझ्याकडे आहे. बटण दाब, विषय संपला."

"दाबलं की नोंद होते, सर. माझं नाव, वेळ, आणि रामदादांना मेल. ती नोंद मलासुद्धा पुसता येत नाही."

"तुझं काँट्रॅक्ट मार्चला संपतंय ना?"

"हो."

"लक्षात असू दे, मॅडम."

तो गेला. नूतनसमोर पडदा चालूच होता. ते बटणही तिथेच होतं.

सोमवारी रामचंद्र आला तो सरळ तिच्यापाशी. हातात मोबाइल, त्यावर फाइल उघडल्याचा आपोआप आलेला मेल.

"काय काय बघितलंस?"

"यादी उघडली, दादा. सह्यांच्या फोल्डरचं नाव दिसलं. आत गेले न्हाय."

"पण जाता आलं असतं?"

"व्हय."

त्याने आपल्या टेबलावर जाऊन फोल्डर उडवला.

"कचऱ्यातूनबी काढा," ती मागून म्हणाली. "तिथे तीस दिवस राहतो."

त्याने तेही केलं. "झालं? आता कोणालाच दिसणार न्हाय?"

खोटं बोलणं सोपं होतं. "अजून पंचवीस दिवस अ‍ॅडमिनला परत आणता येतं," नूतन म्हणाली. "मी आणणार न्हाय."

"तू न्हाय आणणार," रामचंद्र हळू आवाजात म्हणाला. "पण तुझ्या खुर्चीत दुसरं कोण बसलं तर? अकरा घरं हायत, नूतन."

ती रजेवर गेली की तिचं काम अल्पेश सांगेल त्याच्या हातात जायचं.

त्या पंचवीस दिवसांत नूतनने एकही सुट्टी घेतली नाही. अंगात ताप असताना आली. सख्ख्या चुलत बहिणीच्या हळदीलाही गेली नाही, आणि का गेली नाही ते घरी कोणाला सांगितलं नाही.