गरीब स्वभावाची बाई

आमच्या अमरावतीत पोरीला स्थळ आलं की आधी रंग विचारत, मग शिक्षण, आणि शेवटी आवाज खाली आणून, "स्वभावानं गरीब आहे ना जी?" माझ्या वडिलांनी तेव्हा लगेच सांगून टाकलं, "अगदी गाय आहे." तो शिक्का घेऊन मी अकोल्याला वकिलाच्या घरी आले.

गरीब म्हणजे राग न येणारी, असं लोक समजतात. अहो, राग येतो! पण तो कोणी ऐकून घेत नाही. मी चिडून म्हणायची, "मी हे करणार नाही," तर सासूबाई कौतुकानं म्हणत, "बिचारी दमली दिसते." भांडं आदळलं तर म्हणत, हातातून निसटलं. काय करावं माणसानं? डोकं आपटावं? तर म्हणतील, घेरी आली.

मुलगी मॅट्रिकच्या वर्गात असताना तिला पाहायला चांदूर बाजारचे पाहुणे आले. तिला शाळा सोडायची नव्हती. सकाळपासून माझ्यामागं लागली होती, "आई, तू बोल ना." खाण तशी माती म्हणून पाहुणे आधी आईची चौकशी करतात. आमच्या यांनी छाती फुगवून सांगितलं, "हिच्या तोंडून कधी हूं की चूं नाही. पोरगीही तशीच गरीब."

मी दारामागं उभी होते. मनात म्हटलं, आज मीच तिखट निघाले तर हे स्थळ आपोआप जाईल. पदर खोचला आणि सरळ बैठकीत गेले. "मी गरीब नाही. चांगली भांडखोर आहे. मुलगी मॅट्रिक झाल्याशिवाय मी लग्न होऊ देणार नाही!"

पाहुणे खदाखदा हसले. "वा वैनी! थट्टा बी किती गोड करता!" हेही हसले.

तेवढ्यात मुलीनं पोह्यांचं ताट दाणकन खाली ठेवलं. "आई थट्टा नाही करून राहिली. मले लग्न नाही करायचं. उठा तुमी."

पाहुणे उठले. मुलगी शिकली. पण गल्लीत कितीतरी दिवस एकच बोलणं: आई एवढी गरीब, पोरगी अशी फटकळ कशी? बापावर गेली, दुसरं काय! ते ऐकून हे मिशीत हसत. शेजारणीनं ओट्यावर तोच विषय काढला, तेव्हा मी म्हटलं, "नाही जी. ती माझ्यावर गेली."

"घ्या!" ती टाळीसाठी हात पुढं करत म्हणाली, "आमच्या वैनीले थट्टा बी येते बरं!"